धानाची बांधी, वस्तीची नाली आणि डासांचा हिशेब



मृगाच्या सरी पडल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या आपल्या माणसांना दोन कामांची घाई होते. एक पऱ्हे टाकण्याची आणि दुसरी छपरावरचे कवेलू फेरण्याची. याच दिवसांत एक तिसरे काम करायचे असते, पण ते कोणाच्या यादीत नसते. ते म्हणजे डासांच्या बंदोबस्ताचे. पुढे रोवणी होते, बांध्या पाण्याने भरतात, मामा तलाव आणि बोड्या काठोकाठ होतात, आणि श्रावण-भाद्रपदात घरोघर अंथरुणे पडू लागतात. मग आपण म्हणतो, "यंदा ताप फार आहे." जणू ताप आभाळातूनच पडला!

आपल्या बहुतेक वस्त्या गावाच्या कोणत्या बाजूला आहेत, हे सांगायला नको. जिथे उतार संपतो, जिथे साऱ्या गावाची नाली येऊन थांबते, जिथून पुढे धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे आपली घरे. ही जागा आपल्या वाडवडिलांनी निवडलेली नव्हती. पण आज तिथे आपली लेकरे झोपतात. म्हणून गावात इतर कोणाहीपेक्षा डासांचा प्रश्न आपला जास्त आहे आणि तो समजून घेण्याची गरजही आपलीच जास्त आहे.

आम्ही कारकुनी पेशाचे. कोणत्याही गोष्टीचा आधी जमा-खर्च मांडायची सवय. तेव्हा इथेही हिशेबाने जाऊ.

डास एक नाही, तीन आहेत

सगळे डास सारखे, असे समजून आपण धूर करतो आणि मोकळे होतो. पण डासांचे घराणे मोठे आहे. आपल्याला त्रास देणारे मुख्यतः तीन.

पहिला अॅनाफेलीस. हिवतापाचा डास तो हा. याला स्वच्छ, संथ पाणी लागते. धानाची बांधी, कालव्याचा पाझर, विहीर, ओढ्यातले डबके ही त्याची घरे. तो बसतो तेव्हा त्याचे बूड वर उचललेले असते, भिंतीत टाचणी तिरपी टोचल्यासारखे. हा रात्री चावतो. १८९७ सालच्या २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या डॉक्टरला याच जातीच्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. त्याआधी ताप वाईट हवेने येतो, अशीच जगाची समजूत होती.

दुसरा क्युलेक्स. याच्या एका जातीला घाण पाणी प्रिय. तुंबलेली नाली, सांडपाण्याचे डबके, संडासाची टाकी इथे ती वाढते आणि हत्तीरोग पसरवते. याच घराण्यातल्या दुसऱ्या काही जाती धानाच्या बांधीत वाढतात. डुकरे आणि बगळ्यांसारखे पाणपक्षी यांच्या रक्तातला जपानी मेंदूज्वराचा विषाणू त्या माणसापर्यंत आणतात. हेही संध्याकाळनंतर आणि रात्री चावतात.

तिसरा एडिस. अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. डेंग्यू आणि चिकुनगुनिया याच्यामुळे होतो. याला बांधी नको, नाली नको. याला आपले घर पाहिजे. रांजण, माठ, कूलर, टायर, नारळाची करवंटी, फुटका प्लास्टिकचा डबा, गच्चीवरची उघडी टाकी. हा फार दूर उडतही नाही. आपल्या घरात डेंग्यूचा डास असेल, तर तो बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरातच जन्मलेला असतो.

एवढे कळले की अर्धे काम झाले. कारण आता प्रश्नाचे तीन वाटे पडतात. घरातले पाणी आपल्या हातात आहे. नालीचे पाणी ग्रामपंचायतीच्या हातात आहे. आणि बांधीचे, तलावाचे पाणी कोणालाच उपसून टाकता येत नाही, तिथे आपल्याला स्वतःचे अंग राखायचे आहे.

आठवड्याचे गणित

चावते ती मादी. नर फुलांचा रस पितो. मादीला अंड्यांसाठी रक्त लागते. एका वेळी ती शंभर-दीडशे अंडी पाण्यावर किंवा पाण्याच्या काठाशी घालते. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास. पावसाळ्याच्या ऊबदार हवेत या सगळ्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

आता हिशेब पाहा. एका मादीच्या शंभर अंड्यांतून पन्नास माद्या निघाल्या आणि त्यांनी पुन्हा शंभर-शंभर अंडी घातली, तर महिन्याच्या आत पाच हजार डास. कागदावरचा हिशेब आहे हा. प्रत्यक्षात मासे, चतुर, कोळी आणि पाली बरेच खातात. पण चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे सावकाराचे कर्ज पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

या गणितातच उपाय आहे. डास तयार व्हायला आठवडा उलटून जावा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा घरातले प्रत्येक भांडे रिकामे झाले, घासले गेले आणि कोरडे पडले, तर अळीचा डास होऊच शकत नाही. आरोग्य खाते याला 'कोरडा दिवस' म्हणते. आपल्याला रविवार सोयीचा. विहारात वंदनेला जायच्या आधी तासभर हे काम करावे. कामाची वाटणी अशी करावी:

रांजण, माठ, टाकी, हौद यांचे पाणी ओतून आतून काथ्याने किंवा ब्रशने घासावे. नुसते पाणी बदलून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले की ती फुटतात. भरल्यावर झाकण लावावे. झाकण नसेल तर जुन्या लुगड्याचे कापड दोरीने घट्ट बांधावे.

विदर्भात कूलर घरोघर. उन्हाळा संपला की आपण तो कोपऱ्यात सरकवतो, तळाचे पाणी तसेच राहते. कूलर पूर्ण रिकामा करून घासावा, ताट्या उन्हात वाळवाव्यात, जुन्या झाल्या असतील तर टाकून द्याव्यात.

गुरांच्या पाण्याची टाकी, कोंबड्यांचे भांडे, फुलदाणी, फ्रिजमागचा ट्रे या जागा मुलांवर सोपवाव्यात. अळी पाहून ओळखायला मुलांना मौज वाटते. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी अॅनाफेलीसची. डोके खाली करून लटकलेली असेल तर ती क्युलेक्स किंवा एडिसची. शाळेच्या विज्ञानाचा धडा घरच्या रांजणात मिळतो.

परसातले टायर, करवंट्या, डबे, प्लास्टिक एका पोत्यात भरून छपराखाली ठेवावे किंवा भंगारवाल्याला द्यावे. दोन पैसे मिळतात ते वेगळेच.

संडासाच्या टाकीला वर गॅसचा पाईप असतो. त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी किंवा जुना पायमोजा तारेने बांधावा. खर्च जवळपास काही नाही, पण टाकीतले डास बाहेर येणे आणि नव्या माद्या आत जाणे दोन्ही थांबते. टाकीच्या झाकणाला फट असेल तर ती सिमेंटने बुजवावी.

बांधीचे काय करायचे?

गावोगावच्या महिला मंडळांत हा विषय काढला की एखादी ताई हमखास विचारते, "भाऊ, मडके आम्ही पालथे घालू, पण बांधीतले पाणी काय उपसून टाकू?"

प्रश्न रास्त आहे. बांधीतले पाणी म्हणजे पोटाचे अन्न. ते टाकायचे नाही. पण काही गोष्टी करता येतात. बांधाच्या कडेचे, विहिरीजवळचे, बोअरजवळचे जे खड्डे पिकाच्या उपयोगाचे नाहीत, ते बुजवावेत. पाट आणि चाऱ्या गवत काढून वाहत्या ठेवाव्यात, कारण वाहत्या पाण्यात अळी टिकत नाही. उन्हाळी धानाला कालव्याचे किंवा मोटारीचे पाणी देता येते. तिथे शेत सतत तुडुंब न ठेवता काही दिवस पाणी आणि काही दिवस ओली जमीन, अशी पाळी ठेवली तर अळ्या मरतात आणि पाण्याचीही बचत होते. मात्र धान फुलोऱ्यावर असताना ताण देऊ नये आणि पाळी किती दिवसांची, हे कृषी सहायकाला विचारून ठरवावे. शिवाय हे एका बांधीत करून फायदा नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून केले तरच उपयोग.

गप्पी मासे अळ्या ढिगाने खातात. वापरात नसलेली विहीर, सिमेंटचा हौद, नालीचे साचलेले डबके अशा बंद जागी ते सोडावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तर ते कुठे मिळतील हे कळते. परंतु मामा तलावात, बोडीत किंवा नदीत गप्पी किंवा गंबुशिया सोडू नयेत. हे परदेशी मासे देशी माशांच्या अंड्या-पिल्लांवर ताव मारतात. तलावातल्या मासळीवर ढीवर बांधवांची चूल पेटते. त्यांचे नुकसान करून आपले भले होणार नाही. निरोगी तलावात देशी मासे आणि चतुराच्या अळ्या हे काम करतातच. काठची दाट जलपर्णी आणि बेशरम काढली की माशांना अळ्यांपर्यंत पोहोचता येते.

एक कळकळीची सूचना. पिकावर मारायचे औषध घरात डासांसाठी कधीही फवारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण विसरलो नाही. मोकळ्या शेतात जे औषध माणूस मारते, ते बंद खोलीत लेकराचे काय करील?

रात्र झाली की

हिवतापाचा डास दोन-तीन किलोमीटर सहज उडून येतो. म्हणून बांधीकाठच्या घराला मच्छरदाणी हाच खरा पहारेकरी. औषध लावलेली मच्छरदाणी सरकारी आरोग्य खात्याकडून जोखमीच्या गावांत वाटली जाते. ती मिळाल्यावर एक दिवस सावलीत पसरून ठेवावी आणि मग वापरावी. धुवायची झाली तर थंड पाण्यात, साध्या साबणाने, न घासता धुवावी आणि सावलीत वाळवावी. उन्हाने औषध मरते. धुतलेले पाणी तलावात टाकू नये, मासे मरतात. कडा गादीखाली किंवा चटईखाली खोचाव्यात. भोक पडले तर त्याच दिवशी टाका घालावा.

काही ठिकाणी ही मच्छरदाणी मासे धरायला, भाजीच्या वाफ्याला, कोंबड्यांच्या खुराड्याला वापरलेली दिसते. पुष्कळ घरांत ती घरधन्याच्या खाटेवर आणि लेकरे उघडी. मच्छरदाणी कमी असेल तर पहिला हक्क गरोदर बाईचा आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा. गरोदरपणातला हिवताप आईचे रक्त आणि पोटातल्या बाळाचे वजन दोन्ही कमी करतो. आणि ज्याला ताप आहे त्यालाही मच्छरदाणीतच झोपवावे. डास रोग्याला चावला तरच पुढच्याला रोग देतो.

हिवतापाचा गावाकडचा मुख्य डास माणसापेक्षा गुरांना जास्त चावतो आणि गोठ्यात, घरातल्या अंधाऱ्या भिंतींवर विसावतो. म्हणून गुरे आणि माणसे एका छपराखाली झोपू नयेत, निदान मध्ये भिंत आणि अंतर असावे. घरात फवारणी करायला कर्मचारी आले तर त्यांना परत पाठवू नये. स्वयंपाकघर नको, निजायची खोली नको, असे म्हणून आपण फक्त पडवी फवारून घेतो. डास मात्र निजायच्या खोलीत बसलेला असतो. अन्न आणि पाणी झाकावे, पोरांना बाहेर काढावे, आणि फवारणीनंतर दोन-अडीच महिने भिंती सारवू नयेत किंवा चुना लावू नये.

कडुनिंबाचा धूर, कॉइल यांनी तेवढ्यापुरता आराम पडतो. पण मलेशिया आणि चीनमधील कॉइलींवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत तान्ह्या बाळाजवळ कॉइल लावणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जमतो. नेमका हाच डासांचा हंगाम आणि हीच डासांची वेळ. विहाराच्या खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात, पायऱ्यांजवळचे खड्डे मुरूम टाकून बुजवावेत, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. दीक्षाभूमीला निघताना घर चार दिवस बंद राहते. कुलूप लावण्याआधी सगळी भांडी पालथी घालावीत.

ताप आलाच तर

थंडी वाजून ताप आला की काही जण अजून अंगारे-धुपारे करतात, "बाहेरचे लागले" म्हणतात. बाहेरचे लागले हे खरेच आहे, पण ते भूत नव्हे, डास आहे. आशा ताईकडे जाऊन बोटातून रक्त तपासावे. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात. त्यासाठी तीन दिवसांच्या गोळ्यांनंतरही दुसऱ्या गोळ्या एकूण १४ दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस रोजीवर जातो आणि गोळ्या फळीवर राहतात. महिन्या-दोन महिन्यांनी तोच ताप परत येतो. दुसऱ्या प्रकारचा हिवताप मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो, तिथे एक दिवसाचाही उशीर नको. गरोदर बाईने आणि तान्ह्या बाळाला कोणती गोळी चालते, हे डॉक्टरच ठरवतील.

डेंग्यूची शंका असेल तर अॅस्पिरीन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत, रक्तस्राव होण्याचा धोका असतो. झटके, बेशुद्धी, सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, नाका-हिरड्यांतून रक्त, लघवी काळपट होणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आल्या तर निरोगी माणसानेही त्या समोरच खाव्यात. फक्त दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. आपल्या जिल्ह्यात जपानी मेंदूज्वराची लस लसीकरणात असेल तर मुलांचे दोन्ही डोस चुकवू नयेत.

आता जमा-खर्च. समजा रोवणीच्या हंगामात दिवसाची रोजी ३०० रुपये. आठ दिवसांचा ताप म्हणजे २४०० रुपये बुडाले. सोबतीला घरचे एक माणूस बसले तर ४८००. खाजगी दवाखाना, गाडीभाडे वेगळे, आणि ते बहुधा उसनवारीवर. समोरच्या बाजूला काय? रविवारचा एक तास, पायमोजाएवढी जाळी आणि सुईदोरा.

नालीचा हिशेब पंचायतीला विचारा

मात्र सगळा भार आपल्याच डोक्यावर घ्यायचा नाही. घर आपले, पण नाली सार्वजनिक. नाली साफ करणे, डबकी बुजवणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के हिस्सा मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची योजना, जिला आपण दलित वस्ती सुधार म्हणून ओळखतो, तिच्यातून नाल्यांची कामे होतात. गावाच्या आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समितीकडेही दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो. ग्रामसभेत उठून विचारावे : आमच्या नालीवर यातले किती खर्च झाले? फवारणीची गाडी पाटलाच्या वाड्यापाशी वळून परत का गेली? तोंडी विचारून थांबू नये. अर्ज लिहावा, दोन प्रती काढाव्यात, एकीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नव्हेच. उत्तर नाही आले तर तोच अर्ज तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा हिवताप अधिकारी यांना पाठवावा.

शोषखड्ड्यांचा आग्रह धरावा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथे घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत मुरवले आणि उघडे सांडपाणी संपल्यावर डासही हटले. पुढे जिल्ह्यात रोजगार हमीतून असे खड्डे करण्यात आले. आपल्या धानपट्ट्यात पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, त्यामुळे सखल वस्तीत शोषखड्डा भरून जाऊ शकतो. तिथे पक्की उताराची नाली आणि परसबाग यांची जोड हवी. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून आणि हातपंपापासून दूर घ्यावा.

हा लढा एका पावसाळ्याचा नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. सगळ्यांना वाटले, जिंकलो. ढिलाई झाली. १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. पुन्हा कंबर कसल्यावर तो खाली आला आणि २०२३ मध्ये दोन-सव्वादोन लाखांवर होता. तरी आपल्या राज्यात गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिवताप अजून ठाण मांडून आहे. आकड्यांचा बोध इतकाच की डास थकत नाही. थकलो तर आपण थकतो.

म्हणून येत्या रविवारी वस्तीतल्या दहा घरांनी मिळून सुरुवात करावी. दोन तरुण आणि दोन माता-भगिनी यांनी वहीत नोंद ठेवावी : कोणत्या घरी अळ्या सापडल्या, कुठली नाली तुंबली, कोणाला ताप आला, रक्त तपासले का. ही वही ग्रामसभेत पुढे ठेवली की आपले म्हणणे कोणाला उडवून लावता येणार नाही. आपल्या वस्तीत काय झाले, ते पत्राने आम्हाला जरूर कळवावे.